नावाआधी काय लावायचं

माणसाच्या नावाआधी काय लावायचं, हे आमच्या कडा गावात मी ठरवतो. बाजारतळाजवळ माझं फ्लेक्सचं दुकान आहे. गिऱ्हाईक येतं, मोबाइलमधला गॉगल लावलेला फोटो दाखवतं, वाढदिवस परवा आहे म्हणून सांगतं आणि जाता जाता म्हणतं, "नावाआगुदर टाका कायतरी चांगलं, पेंटर." मग मी त्याला एकदा पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतो. विशीतला असला तर 'दोस्तीच्या दुनियेतला राजामाणूस'. तिशीतला असला तर 'युवकांचे आशास्थान'. दोन निवडणुका हरलेला असला तर 'झुंजार नेतृत्व', आणि नेमकं काय करतो हे त्याच्या बायकोलाही सांगता येत नसलं तर 'सामाजिक कार्यकर्ते'. कॉम्प्युटरमध्ये 'विशेषणं' नावाचं फोल्डरच करून ठेवलंय. इतक्या वर्षांत कुणीही परत येऊन "पेंटर, मी काय असा न्हाई" असं म्हटलेलं नाही. तसं म्हणायला आलेलं एकच माणूस, आणि ती माझी लेक.

मला पेंटर म्हणतात कारण फ्लेक्स येण्याआधी मी भिंती रंगवायचो. बियाण्यांच्या जाहिराती, शाळांवरचे सुविचार, दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या मागची अक्षरं. दोरीला नीळ लावायची, भिंतीवर ताणायची, चिमटीत धरून सोडायची, की सरळ निळी रेघ उमटते. त्या रेघेला एकेक अक्षर टांगत जायचं. मला अक्षराचं वेड आहे हे मी लपवत नाही. एकदा आष्टीकडे जाताना बसच्या खिडकीतून एका शाळेची पाटी दिसली. 'विद्यालय'मधला 'द्य' कुणी तरी असा काढला होता की मला पुढं बसवेना. पुढच्या थांब्यावर उतरलो, मागं चालत आलो, पिशवीत ब्रश-रंग होतेच, आणि कुणाला न विचारता तो 'द्य' दुरुस्त केला. आम्ही लग्नाला निघालो होतो. बायको तशीच पुढं गेली आणि नवरा कुठं राहिला म्हणून पाहुण्यांना काय सांगावं, हे तिला सुचेना. ती आजही विषय काढते.

लेक त्या पिशवीजवळच वाढली. तीन वर्षांची होईपर्यंत ती बोलली नाही, आणि बोलली ती पाटी वाचून. तिचा पहिला शब्द 'खते'. समोरच्या दुकानावर मीच लिहिला होता. दहा-बारा वर्षांची झाली तेव्हा तालुक्यातली कुठलीही भिंत बघून ती रंगवणाऱ्याला ओळखायची. "हा 'ळ' तुमचा न्हाई पप्पा, तुमचा पोटात मोठा असतो." माझा ऊर भरून यायचा. पण घरी पाहुणे आले की ती माळवदावर जाऊन बसायची. लग्नात डीजे सुरू झाला की जीपमध्ये कानावर हात ठेवून बसायची. नातेवाइकांनी तिला नावं ठेवली: घुमी, आगाऊ, पुस्तकी किडा. मीही चारचौघांत रागवायचो, "बोल की पाहुण्यांशी, तोंड काय शिवलंय का." ते आठवलं की आता लाज वाटते.

शिकून ती पुण्यात एका कंपनीत लागली. फोनसाठी आणि पुस्तकांसाठी अक्षरं बनवण्याचं काम. दीड वर्षानं सोडून आली. काम जमत होतं, कामाभोवतीचं जमत नव्हतं. एकाच खोलीत तीस जणांचं बोलणं, डोक्यावरचे पांढरे दिवे, रोज दुपारी सगळ्यांसोबत हसत जेवायचं. घरी आली ती खोलीत शिरली, पंख्याचाही आवाज नको म्हणायची. बायकोनं मीठ-मोहरीनं नजर काढली. मी आधी चिडलो, मग घाबरलो. चार-पाच महिने असे गेले. मग एके दिवशी ती स्वतःहून पुण्याला एका डॉक्टर बाईंकडे गेली, पुन्हा दोनदा गेली, आणि अकरा पानांचा रिपोर्ट घेऊन आली.

दुपारची वेळ होती, दुकानात कुणी नव्हतं. तिनं स्टूल ओढलं आणि इंग्रजी रिपोर्ट मला मराठीत वाचून दाखवायला लागली. मधेच हसली. त्या हसण्यानं माझं अर्धं लक्ष रिपोर्टवरून उडालं, कारण ते मी फार दिवसांनी ऐकत होतो. "पप्पा, मी बिघडलेले न्हाई," ती म्हणाली. "माझ्या डोक्याची ठेवणच अशी हाय, जन्मापासून. याला ऑटिझम म्हंतात. आन् असल्या सगळ्या येगळ्या ठेवणींना मिळून एक मोठा शब्द हाय. न्यूरोडायव्हर्जंट."

"लिहून दाखव," मी म्हणालो.

तिनं कागदावर लिहिला. खरं सांगतो, माझं मन त्या शब्दावर बसलं. सुरुवातीलाच अर्धा 'न', मधे 'व्ह', आणि शेवटाकडे एकाच 'ज'च्या डोक्यावर रफारही आणि अनुस्वारही. असा शब्द रंगवायला मिळावा म्हणून पेंटर आयुष्यभर वाट बघतो. मी दोन-तीनदा गिरवून बघितला. तेवढ्यात ती काही तरी म्हणाली आणि मी "हां, हां" केलं. ती म्हणाली होती, "हे कुणाला सांगायचं ते मी ठरवीन. अजून ठरलं न्हाई." वाक्य कानावर पडलं होतं. आत गेलं नव्हतं.

पुढचा आठवडा आमच्या दुकानात जो वाद चालला, तसा ग्रामसभेत चालत नाही.

"ऑफिसात मला कुणी नर्ड म्हणायचं, कुणी गीक," ती म्हणाली.

"ही पदवी का शिवी?"

"कोण म्हंतंय त्याच्यावर हाय."

नर्ड आणि गीक यांच्यातला फरक मला दोन दिवस कळेना. ती म्हणाली, दोघांनाही एका गोष्टीचा नाद असतो. नर्ड त्याबद्दल वाचत बसतो, गीक बोलत बसतो. नर्डला एकटं राहिलं तरी चालतं, गीकला ऐकणारं कुणी तरी लागतं.

"म्हंजे तुझा मामा गीक," मी म्हणालो. "ट्रॅक्टरचा इषय काढला की दोन तास सोडत न्हाई."

तिनं यावर खरोखर विचार केला. "न्हाई. मामाला ट्रॅक्टरमधलं काय म्हाईत न्हाई. तो नुसता बोलतो."

मग मी माझं शास्त्र मांडलं. म्हटलं, हे सगळं आपल्याकडे आधीपासून आहे. छंद, नाद आणि वेड. घरच्यांना कौतुक असतं तोवर छंद, घरचे तक्रार करायला लागले की नाद, आणि तक्रार करायचीही सोडून दिली की वेड. तिला ते पटलं. पण तिनं आक्षेप घेतला की यात सगळा हिशोब घरच्यांच्या बाजूनं आहे, ज्याला नाद आहे त्याला कुणी विचारलंच नाही. मी म्हणालो, आपल्याकडे कुणाला विचारतात? तेव्हा मी हे हसत म्हणालो होतो.

तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. आमचं बोलणं तिनं दारातच ऐकलं. "व्यक्ती तितक्या प्रकृती, एवढं सांगायला त्या बाईला अकरा पानं लागली व्हय?"

"मम्मी, तेच लिहिलंय. फकत डॉक्टरला पुरावा द्यावा लागतो."

"पुरावा मी देते की. तुझी आजी अशीच व्हती. आमटीचं भांडं भाजीला लावलं तर दिवसभर जेवायची न्हाई. तिला कुणी काय नाव दिलं न्हाई, आन् तिचं काय आडलं न्हाई."

"आडलं नसंल कशावरून?" लेक म्हणाली. "तिला कुणी इचारलं व्हतं?"

बायको डबा उघडता उघडता म्हणाली, "माहेरी जायला रडायची, तिथं लई माणसं असायची म्हणून. आमाला वाटायचं, अशी कशी बाई." आणि मग दोघी आजीबद्दल बोलत बसल्या. इतक्या सलग मी त्यांना बोलताना बघितलं नव्हतं.

खेळ मग वाढत गेला. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही त्याच्या पाठीमागं एकेक शब्द लावायला लागलो. मला ती म्हणाली, "तुमाला पण तपासायला पायजे. बसमधून उतरून 'द्य' कोण दुरुस्त करतं?"

"ते कामावरचं प्रेम हाय."

"हां. सातव्या पानावर तेच लिहिलंय."

मी इतका खुशीत होतो की काय सांगू. पोरगी बोलत होती, जेवत होती, दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसून गिऱ्हाइकांचे फ्लेक्स नीट लावून देत होती. दसरा झाला आणि चार दिवसांवर तिचा वाढदिवस आला. आमच्याकडे आनंद झाला की तो चौकात लागतो. पोलीस भरतीच्या पहिल्या फेरीत पोरगं पळालं तरी फ्लेक्स लागतो, म्हैस प्रदर्शनात बक्षीस मिळवून आली तरी लागतो. जगाचे लावले, आणि स्वतःच्या लेकीचा लावू नये?

तिला न सांगता केला. दहा फूट बाय आठ. स्टुलावर बसून हसतानाचा फोटो. वर 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'. मग नावाआधी काय लावायचं म्हणून फोल्डर उघडलं. 'कर्तृत्ववान' लावून बघितलं, 'सुसंस्कृत' लावलं, 'गुणवंत' लावलं. सगळे शब्द दुसऱ्या कुणाच्या अंगावरचे काढून घातल्यासारखे दिसायला लागले. मग मी तो शब्द टाइप केला. त्याच्याआधी 'तालुक्यातील पहिली' असं लावलं, कारण आमच्याकडे दुसरं आल्याबद्दल कुणी कुणाचं अभिनंदन करत नाही. खाली रिवाजाप्रमाणे शुभेच्छुकांच्या फोटोंची ओळ. चौदा फोटो, मधोमध पांढऱ्या कपड्यातले माजी सरपंच. ते फोटो माझ्याकडे कायमचे असतात. त्यांना विचारायची पद्धत नाही. उलट एखाद्याचा राहिला तर तो महिनाभर बोलत नाही.

सकाळी सातला एसटी स्टँडसमोरच्या चौकात चढवला. आठला ती दूध आणायला आली.

मी दुकानाच्या दारातून बघत होतो. ती फ्लेक्ससमोर उभी राहिली. मला वाटलं आता वळेल आणि हसेल. ती खूप वेळ तशीच उभी होती. मग रस्ता ओलांडून दुकानात आली.

"पप्पा, हे कावून लावलं?"

"वाढदिवस न्हाई का तुझा आज?"

"वाढदिवस लावायचा मग." आवाज चढलेला नव्हता. "ते माझं व्हतं. कुणाला सांगायचं, कवा सांगायचं, ते मी ठरवणार व्हते. मी अजून मावशीला सांगितलं न्हाई. तुमी चौकात लावलं."

"अगं, मी कौतुकानं..."

"नातेवाईक पण कौतुकानंच घुमी म्हणायचे."

दुधाची किटली तिथंच ठेवून ती घरी गेली आणि खोलीचं दार लावून घेतलं. बायकोनं मला एवढंच विचारलं, "तुमाला इचारता येत न्हाई का?" करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं म्हणून सुटता येतं. पण मला माहीत होतं, हे भलतं काही झालेलं नव्हतं. आयुष्यभर जे करत आलो तेच केलं होतं, फक्त या वेळी माणूस माझं होतं.

फ्लेक्स लगेच काढला असता तर जास्त चर्चा झाली असती, असं मी स्वतःला सांगितलं. संध्याकाळी काढला. तोवर कडा आणि आसपासच्या वस्त्यांनी तो वाचला होता. मजा अशी की अर्थ कुणालाच कळला नव्हता, आणि खाली ज्यांचे फोटो होते त्यांना लोक विचारत होते. आपण ज्याच्या शुभेच्छा दिल्यात ते काय आहे हे माहीत नाही, असं कोण कबूल करणार? माजी सरपंचांनी सांगितलं, परदेशातली पदवी आहे. खतांच्या दुकानदारानं सांगितलं, पोरगी मेंदूची डॉक्टर झाली. पतसंस्थेच्या चेअरमननी आवाज खाली करून सांगितलं, दिल्लीतली पोस्ट आहे, जास्त बोलता येत नाही.

तिसऱ्या दिवशी माजी सरपंच स्वतः दुकानात आले. लेक तेव्हा तिची हार्ड डिस्क न्यायला आली होती. माझ्याशी अबोला होता, त्यामुळे पाठमोरी होऊन वायर सोडवत होती.

"पेंटर, पुढच्या आठवड्यात आपला वाढदिवस," सरपंच खुर्चीत बसत म्हणाले. "या येळेला ते न्यूरो जे काय हाय ते आपल्या पण नावाआगुदर टाक. कार्यसम्राट काय, आता कुणी बी झालंय."

लेक वळली.

"तुमाला आवाजाचा तरास होतो का?" तिनं विचारलं.

"मला? माझ्या मिरवणुकीत चार डीजे व्हते, ताई."

"एकाच गोष्टीला धरून बसता का, कुणी कितीबी सांगितलं तरी?"

"इरोधक म्हणायचे तसं. खुर्ची सोडत न्हाई म्हणून."

"समोरच्याच्या मनात काय चाललंय ते कळत न्हाई, असं व्हतं का?"

सरपंचांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "गेल्या इलेक्शनला झालतं," ते म्हणाले.

मला हसू आवरेना. ती हसली नाही. तिनं त्यांना सरळ सांगितलं की ही पदवी नाही, पोस्ट नाही, आजारही नाही, डोक्याची ठेवण आहे. स्वतःबद्दल सांगितलं, ऑफिसबद्दल, डीजेबद्दल. दोन-तीन मिनिटं बोलली असेल. घराबाहेरच्या माणसाला तिनं हे सांगितल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि माझ्या फ्लेक्सपेक्षा ते कितीतरी साधं आणि नीट होतं. शेवटी म्हणाली, "तुमाला वाटत असंल तर तपासून घ्या. अंदाजानं लावू नये." हे बोलताना तिनं माझ्याकडे बघितलं.

सरपंचांनी टोपी परत डोक्यावर घातली. मग माझ्यावरच घसरले. "माझा फोटो खाली लावला आन् मला कुणी सांगितलं न्हाई? मी चार गावांत परदेशी पदवी म्हणून सांगून बसलो बे." शेवटी त्यांनी 'कार्यसम्राट'च ठेवायला सांगितलं, पण जाताना लेकीला म्हणाले, "आमची थोरली बहीण बी अशीच हाय, ताई. मी येतो एकदा, सांग जरा निवांत."

तरी माझ्याशी अबोला होताच. मला माफी मागायची होती आणि येत नव्हती. भिंतीवर चूक झाली की पांढरा हात मारायचा आणि पुन्हा लिहायचं, एवढीच दुरुस्ती मला ठाऊक. फ्लेक्स गुंडाळी करून दुकानाच्या कोपऱ्यात उभा होता आणि मी त्याच्याकडे पाठ करून बसायचो.

याच दिवसांत ऊसतोडीला जाणारी कुटुंबं निघायच्या तयारीला लागतात. माझ्याकडे दरवर्षी येतात, कारण जुने फ्लेक्स मी त्यांना देऊन टाकतो. तिकडं कारखान्याच्या हद्दीत राहायला पाचटाची कोपी बांधायची तर वर टाकायला फ्लेक्ससारखं काही नाही, थंडी अडते, दव अडतं. आमचे सगळे कार्यसम्राट आणि आशास्थानं शेवटी कुणाच्या ना कुणाच्या डोक्यावर छप्पर होऊन जातात. त्यांच्या हातून झालेलं तेवढं एक काम नक्की खरं, असं मी गमतीनं म्हणतो.

वस्तीवरची एक बाई आली. बरोबर आठ-नऊ वर्षांची मुलगी. रस्त्यानं ट्रॅक्टर गाणी लावून गेला तशी मुलीनं आईचा पदर ओढून दोन्ही कानांवर दाबला. मी तीन-चार फ्लेक्स काढून दिले. बाई तिथंच उभी राहिली.

"पेंटरदादा, तो ताईंचा द्या की. ताई हसती तो."

"तोच कावून?"

"ही दिवसभर त्याच्यापुढं उभी व्हती. घरी येऊन ती अक्षरं बोटानं भुईवर काढती. शाळेत एक शब्द बोलत न्हाई, मास्तर म्हंतात खुळी हाय." मग आवाज उतरवून तिनं विचारलं, "दादा, ते ताईंच्या नावाआगुदर लिव्हलेलं हाय, ते हिला बी असंल का?"

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. माणूस एकदा बघायचा आणि शब्द लावायचा, हाच तर माझा धंदा. कानावरचा पदर बघितला, भुईवरची अक्षरं ऐकली, आणि 'हां, असंल' अगदी ओठाशी आलं. गिळलं. म्हणालो, "बसा जरा. इचारून येतो."

दुकान तसंच उघडं टाकून घरी गेलो. लेकीच्या दारावर टकटक केली. दार उघडलं नाही. मी दाराशीच सगळं सांगितलं, बाई काय म्हणाली ते, मुलगी काय करते ते. आणि म्हणालो, "फ्लेक्स तुझा हाय. द्यायचा का, ते तू सांग. न्हाई म्हणलीस तर न्हाई. आन् आगुदर इचारायला पायजे व्हतं. माझं चुकलं." इतकं सोपं होतं ते. इतके दिवस मी त्या वाक्याला घाबरत होतो.

ती बाहेर आली. चपला घातल्या. मागोमाग बायकोही निघाली.

दुकानात आल्यावर तिनं मुलीला नाव विचारलं नाही की कितवीला आहेस विचारलं नाही. पायरीवर शेजारी बसली आणि धुळीत बोटानं 'ळ' काढला. मुलीनं बराच वेळ बघितला. मग त्याच्याखाली स्वतःचा काढला, पोट मोठं असलेला. तो माझा 'ळ' होता. तिनं कुठल्या भिंतीवर बघितला होता देव जाणे. दोघी अक्षरं काढत बसल्या आणि मुलीच्या कानावरचा पदर कधी खाली आला, ते मला कळलं नाही.

लेक बाईला म्हणाली, "हिला ते हाय का न्हाई, मला सांगता येणार न्हाई. मी डॉक्टर न्हाई. पण ही खुळी न्हाई, एवढं मला दिसतंय. तुमी परत आल्या की आपण नगरला दाखवू. मी संगं येते. तवर मला फोन करत जा."

मग तिनं फ्लेक्स उलगडून जमिनीवर पसरला. माझ्या जुन्या पिशवीतून पांढरा रंग काढला, ब्रश घेतला आणि 'तालुक्यातील पहिली' यावर हात मारला. दोनदा मारला, खालचं दिसू नये म्हणून.

"मी पहिली न्हाई," ती म्हणाली. "आजी व्हती. अजून किती असतील."

उरलेला शब्द तिनं तसाच ठेवला. माझ्या घाईत रफार आणि अनुस्वार एकमेकांवर चढले होते, ते तेवढे बारीक ब्रशनं वेगळे केले. मला एका शब्दानं बोलली नाही, पण ब्रश धुवायला माझ्याकडे दिला. मी धुतला. मला रडू येत होतं आणि बायको समोर उभी होती, म्हणून मी जरा जास्तच वेळ धुतला.

फ्लेक्स देताना तिनं बाईला एकच सांगितलं. छापलेली बाजू आत ठेवा, म्हणजे हिला निजल्या निजल्या वाचता येईल.

महिन्याभरानं तिकडून फोटो आला. कोपीच्या आतून काढलेला. कमानीसारख्या वाकलेल्या छपरावर माझी लेक हसतेय, चौदा शुभेच्छुक आडवे झालेत आणि माजी सरपंच बरोबर मुलीच्या उशाच्या वर आलेत. खाली मुलगी बसलेली. तिच्यासमोर पुठ्ठ्यावर कोळशानं तो आख्खा शब्द लिहिलेला, रफार इकडं, अनुस्वार तिकडं, दोन्ही आपापल्या जागी. लेकीनं तो फोटो मोठा करून करून बघितला. आता दर रविवारी त्या बाईचा व्हिडिओ कॉल येतो. मुलगी फोनवर बोलत नाही. पुठ्ठा दाखवते.

लेक सध्या दुकानातच बसते. तालुक्यातल्या भिंतींवरच्या माझ्या अक्षरांचे फोटो काढून त्यांचा फॉन्ट बनवतेय. पंखा आम्ही बदलला, बिनआवाजाचा आणला. गिऱ्हाईक आलं आणि "टाका कायतरी" म्हणालं की ती म्हणते, "तुमी काय करता ते सांगा, तेच टाकू." काही जण घाम पुसत बाहेर जातात. काही जण खरंच बसून सांगतात.

परवा तिनं मला दुसऱ्या कॉम्प्युटरपाशी बोलावलं. पुढच्या महिन्यात माझा वाढदिवस आहे. पडद्यावर माझा फ्लेक्स होता. माझा फोटो, शिडीवर चढलेला. खाली शुभेच्छुकांची ओळ, त्या चौदाही जणांना तिनं फोन करून विचारलं होतं. दोघांनी नको म्हटलं म्हणून बाराच उरले होते.

"नावाआगुदर काय लावू?" तिनं विचारलं.

सगळ्या कड्याची नावं सजवली मी. हा प्रश्न मला कधी कुणी विचारला नव्हता, आणि मला उत्तर सुचेना. पेंटर म्हणावं, तर ते लोकांनी दिलेलं. नर्ड म्हणावं का गीक, यावर वाद अजून मिटलेला नाही. तिच्या अकरा पानांतलं काही माझंही असेल, पण ते मी तपासलेलं नाही, आणि अंदाजानं लावू नये.

"घाई न्हाई पप्पा," ती म्हणाली. "तुमी सांगाल तवाच टाकू."

नावाआधी तिनं हातभर जागा मोकळी सोडलीय. मी रोज दुकान उघडलं की आधी ती जागा बघतो.